जेसिका डब्रॉफचा विमान अपघात, शायॅन १९९६: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायॅन शहराच्या विमानतळावरून उडालेलं चार आसनी खासगी विमान टेकऑफनंतर काही क्षणांतच एका वस्तीत कोसळलं. विमानात तिघं होते: सात वर्षांची जेसिका डब्रॉफ, तिचे वडील लॉइड आणि उड्डाण प्रशिक्षक जो रीड. तिघंही गेले. ‘लहान मुलीने विमान चालवलं आणि पाडलं’ ही या अपघाताची समाजमाध्यमांवर फिरणारी गोष्ट चुकीची आहे आणि त्या मुलीवर अन्याय करणारी आहे. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं जरा सविस्तर.

विमान खरंच सात वर्षांची मुलगी चालवत होती का?

अपघाताच्या वेळी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, तपासाअंती असा निष्कर्ष काढला की टेकऑफनंतर विमानाचा ताबा प्रशिक्षक रीड यांच्याकडे होता. जेसिका पुढे डावीकडे बसली होती, रीड उजवीकडे आणि वडील मागे. अशा विमानांत दोन्ही पुढच्या जागांसमोर नियंत्रणं असतात, त्यामुळे उजवीकडून विमान पूर्णपणे चालवता येतं. मृतांच्या जखमांवरून नियंत्रणांवर कोणाचे हात होते हे तपासणाऱ्यांना कळू शकलं.

या अपघाताबद्दल दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे राहावं. जेसिका सुमारे चार महिन्यांपासून शिकत होती आणि तिच्या नावावर तेहतीसेक तासांचं उड्डाण होतं. तिला समोरचं दिसावं म्हणून खाली उशी आणि पाय पोचावेत म्हणून रडर पेडलना जोडलेले अॅल्युमिनियमचे तुकडे होते. हे वाचून लोक चटकन निष्कर्षावर येतात. पण त्या सकाळी निघायचं की थांबायचं, किती सामान घ्यायचं, कोणत्या बाजूला वळायचं, यातला एकही निर्णय तिचा नव्हता.

मग कायद्याने पायलट कोण होतं?

जो रीड. वय ५२, परवानाधारक प्रशिक्षक, सुमारे दीड हजार तासांचा अनुभव. व्यवसायाने ते शेअर दलाल होते. अमेरिकेत एकट्याने विमान उडवायला किमान १६ वर्षं आणि खासगी पायलटच्या परवान्याला १७ वर्षं पूर्ण लागतात. प्रशिक्षकाच्या शेजारी बसून नियंत्रणं हाताळायला मात्र किमान वयाची अट नव्हती. प्रशिक्षक जबाबदार असला की शेजारी सात वर्षांचं मूल आहे की सत्तर वर्षांचे आजोबा, याने कायद्याला फरक पडत नव्हता. त्यामुळे वर्तमानपत्रांनी जेसिकाला ‘पायलट’ म्हटलं तरी कागदोपत्री ती एक प्रवासी होती.

विमान कोणतं होतं? त्यात काही बिघाड होता का?

सेस्ना १७७बी, ज्याला ‘कार्डिनल’ म्हणतात. एक इंजिन, वर बसवलेले पंख, चार जागा, १८० अश्वशक्ती. १९७५ चं मॉडेल. एनटीएसबीने दिलेल्या कारणांत यांत्रिक बिघाड नाही.

ही मोहीम काय होती?

‘समुद्रापासून समुद्रापर्यंत’ अशी कल्पना होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हाफ मून बे इथून निघायचं, अमेरिका आडवी ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या फाल्मथला म्हणजे जेसिकाच्या जन्मगावी जायचं, तिथून वॉशिंग्टन, फ्लोरिडा करत परत घरी. आठ दिवसांत साडेसहा हजार मैलांहून जास्त अंतर. देशाच्या आरपार उडणारी सर्वांत लहान व्यक्ती म्हणून जेसिकाचं नाव व्हावं, ही वडिलांची इच्छा. मोहिमेचं नाव छापलेल्या टोप्या भेट म्हणून वाटायला तयार करून घेतल्या होत्या.

वेळापत्रकाकडे जरा नीट बघा. हवामान बिघडलं तर थांबायला राखीव दिवस हवा, तो दिसत नाही. एप्रिल महिना, रॉकी पर्वतरांग मध्ये, इंजिन एकच. या सहलीची आखणी करताना पहिली ओळ ‘अडकलो तर काय’ ही असायला हवी होती.

पहिल्या दिवशी, १० एप्रिलला, ते नेवाडातल्या एल्को आणि वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथे थांबत संध्याकाळी शायॅनला पोचले. सकाळपासूनचा प्रवास, टाइम झोन बदललेला. वाटेत एका टप्प्यात जेसिका झोपून गेली होती आणि एका लँडिंगला जोराच्या वाऱ्यामुळे रीड यांनी मदत केली. सात वर्षांच्या मुलीला दिवसभराच्या प्रवासात झोप लागणारच. पण ती झोपली तरी रीड यांना झोपता येत नव्हतं. आपण खूप थकलो आहोत असं त्यांनी त्या रात्री फोनवर पत्नीला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवामान कसं होतं?

वाईट, आणि मिनिटागणिक आणखी वाईट होत जाणारं. शीत आघाडी, म्हणजे थंड हवेची पुढे सरकणारी कड, परिसरात आलेली, विमानतळाच्या कडेला गडगडाटी वादळ, पाऊस, झोतांनी येणारा वारा. रीड यांनी हवामान केंद्राकडून माहिती घेतली तेव्हा बर्फ साचण्याचा धोका, खळबळीची हवा आणि कमी दृश्यमानता या तिन्हींचे इशारे त्यांना मिळाले होते. विमान रनवेकडे जात असताना दृश्यमानता इतकी घसरली की डोळ्यांनी बाहेर पाहून उडण्याच्या नेहमीच्या नियमांखाली निघता येईना. त्यासाठी विमानतळाच्या नियंत्रण टॉवरची खास परवानगी लागते. ती मागताना रीड यांच्या बोलण्यात गोंधळ झाला. त्यांनी अस्तित्वातच नसलेल्या प्रकारची परवानगी मागितली.

त्याआधीही एक छोटी गोष्ट घडली होती. चाकाला लावलेला अडसर, ज्याला विमानतळावर चोक म्हणतात, न काढताच त्यांनी इंजिन सुरू केलं होतं. मग बंद करून तो काढावा लागला. विसरभोळेपणा म्हणून कोणी हे सोडून देईल. मला यात घाई आणि थकवा दिसतो. दीड हजार तास उडालेला माणूस चोक विसरतो तेव्हा त्याचं मन पुढच्या कुठल्या तरी गोष्टीत असतं.

टॉवरने त्यांना थांबवलं का नाही?

हा प्रश्न फार जण विचारतात, कारण आपली समजूत अशी की टॉवर हा वाहतूक पोलीस आहे. तसं नाही. टॉवरचं काम विमानांमध्ये अंतर ठेवणं आणि माहिती पोचवणं हे आहे. शायॅनच्या टॉवरने ती पोचवली: वारा किती, झोत किती, दृश्यमानता किती. नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या विमानाच्या पायलटने वेगात १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंत, चढउतार होत असल्याचं कळवलं होतं, तेही सांगितलं. नियमांत बसणारी परवानगी मागितली तर टॉवर देतो. विमान उडायला योग्य आहे की नाही, हवा आपल्या ताकदीतली आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आणि ओझं जगभर पायलट-इन-कमांडवरच, म्हणजे त्या उड्डाणाची अंतिम जबाबदारी असलेल्या पायलटवरच, असतं. भारतातही तसंच आहे.

१५ नॉटचा चढउतार किती मोठा, हे थोडं सांगतो. असं छोटं विमान टेकऑफनंतर ज्या वेगाने वर चढतं आणि ज्या वेगाला त्याचे पंख दगा देतात, त्या दोहोंतलं अंतर फार नसतं. वाऱ्याचा एक झोत मागे सरकला की त्यातला मोठा भाग एका क्षणात गेलेला असतो.

विमान ‘स्टॉल’ होऊन पडलं म्हणतात. म्हणजे इंजिन बंद पडलं का?

नाही. गाडीच्या बाबतीत आपण तसं म्हणतो, त्यामुळे हा गैरसमज कायम होतो. विमानात स्टॉलचा संबंध पंखांशी असतो. पंखावरून हवा ठरावीक कोनापर्यंतच चिकटून वाहते. पायलटने नाक त्याहून जास्त वर उचललं की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटते आणि पंखाची उचलण्याची ताकद एकदम घटते. इंजिन पूर्ण जोराने गरजत असतानाही हे होऊ शकतं.

स्टॉलमधून बाहेर यायचं तर नाक खाली घालायचं आणि वेग मिळवायचा. हे प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतो. पण त्याला उंची लागते. तीन हजार फुटांवर स्टॉल हा सराव असतो. टेकऑफनंतर काही शे फुटांवर नाक खाली घालायचं म्हणजे समोर घरांची छपरं दिसत असताना ती आणखी जवळ आणायची. हात मागे ओढले जातात, आणि नेमकं तेच करायचं नसतं. टेकऑफचे अपघात इतके निर्दय असतात ते यामुळे: चूक दुरुस्त करायला लागणारी वेळ आणि उंची, दोन्ही अजून मिळालेली नसतात.

विमानात ९६ पाउंड वजन जास्त होतं म्हणतात. एवढ्याने काय होणार?

या कार्डिनलचं टेकऑफचं कमाल वजन २,५०० पाउंड, म्हणजे साधारण ११३४ किलो. शायॅनला ते ९६ पाउंडांनी, म्हणजे ४३-४४ किलोंनी जास्त होतं. एकट्या या गोष्टीने विमान पडलं नसतं. चार टक्के जादा वजनाने स्टॉलचा वेग सुमारे दोन टक्के वाढतो.

पण हिशेब एकेका रकमेचा करून भागत नाही. वजनाने दोन टक्के. त्यावर वळण घेतलं: २० अंश कललं तर आणखी तीनेक टक्के, ३० अंशांना सात-आठ. त्यावर पंखांवर पाऊस. त्यावर झोतांचा वारा. त्यावर विरळ हवा, जिच्यात इंजिनची ताकद आधीच कमी. एकेक गोष्ट विचारली तर प्रत्येकीचं उत्तर ‘चालून जाईल’ असंच येतं, आणि म्हणूनच जाणकार माणसंही फसतात. त्या सकाळी या सगळ्या एकदम विमानात बसल्या होत्या.

शिवाय वजन हा एकच घटक असा होता की जो जमिनीवर, कोरड्या जागी, कागदावर पाच मिनिटांत सुटला असता. सामान उतरवायचं, किंवा इंधन कमी घेऊन पुढचा टप्पा जवळचा ठेवायचा.

‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ म्हणजे काय? शायॅन तर थंड होतं ना?

विमानाला समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही, त्याला हवेची घनता कळते. हवा विरळ असेल तर पंखांना, पुढच्या फिरत्या पंख्याला (प्रोपेलरला) आणि इंजिनला, तिघांनाही कमी मिळते. आत्ताची हवा प्रमाण वातावरणातल्या किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे, तो आकडा म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड.

शायॅनचा विमानतळ सुमारे ६,१५० फुटांवर, म्हणजे १,८७० मीटरच्या पुढे आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखरापेक्षा दोनशेहून जास्त मीटर उंचावर तो रनवे आहे. त्या सकाळची डेन्सिटी अल्टिट्यूड ६,६७० फूट निघाली. थंडी होती म्हणून आकडा एवढ्यावर राहिला, उन्हाळ्यात तो कितीतरी वर गेला असता. तरीही या उंचीला हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १८ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनची जवळपास एक पंचमांश ताकद गेलेली असते. १८० अश्वशक्तीचं इंजिन तिथे दीडशेच्याही खाली येतं.

रीड यांचं नेहमीचं उड्डाण हाफ मून बे इथलं, जिथला रनवे समुद्रसपाटीपासून जेमतेम ६६ फूट उंचीवर आहे. एनटीएसबीने मुद्दाम नोंदवलंय की त्यांना सवय नव्हती इतकी ही डेन्सिटी अल्टिट्यूड होती. सवयीचा भाग इथे फार महत्त्वाचा आहे. रनवेवर विमान किती धावतं, किती झपाट्याने वर जातं, नाक किती उचललं की बरं वाटतं, हे सगळं शरीरात मुरलेलं असतं. विमान नेहमीसारखं चढत नाही असं वाटलं की नाक आणखी उचलावंसं वाटतं.

आणि हे आपल्यापासून लांबचं प्रकरण नाही. नागपूरचा विमानतळ हजारेक फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर असताना तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड पाच हजार फुटांच्या आसपास जाते. विदर्भात किंवा खानदेशात उन्हाळ्यात शिकणाऱ्या मुलांना सकाळी लवकर उडवतात त्यामागे हेही एक कारण आहे.

टेकऑफनंतर नेमकं काय झालं?

८ वाजून २४ मिनिटांच्या सुमाराला कार्डिनल रनवे ३० वरून, म्हणजे वायव्येच्या दिशेने, उडालं. वारा साधारण समोरूनच, पण झोतांचा. विमान वर आलं आणि उजवीकडे, पूर्वेला, वळू लागलं, कारण वादळापासून दूर जायचं होतं आणि पुढचा मुक्कामही तिकडेच होता. पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार विमान खालूनच उडत होतं, संथ होतं आणि नाक वर होतं. मग ते स्टॉल झालं आणि जवळजवळ सरळ खाली आलं. रनवेच्या टोकापासून सुमारे चार हजार फुटांवर, घरांच्या मध्ये. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही.

समोरचा वारा वळणानंतर पाठीमागून येऊ लागतो. जमिनीजवळ असताना खालची घरं, झाडं एकदम वेगाने मागे पळताना दिसतात आणि डोळ्यांना वाटतं की आपण खूप वेगात आहोत. हवेतला वेग मात्र कमीच असतो. शिवाय रीड उजव्या जागेवर होते. मुख्य वेगदर्शक डावीकडे, जेसिकासमोर. जमीन दिसायची ती उजवीकडच्या खिडकीतून. समोरच्या काचेवर पाऊस. डोळे आणि डोकं सतत इकडून तिकडे. तपासात या भ्रमाचा आणि दिशाभुलीचाही विचार झाला.

एनटीएसबीचा अंतिम निष्कर्ष काय?

अहवाल मार्च १९९७ मध्ये आला. संभाव्य कारण: खळबळ, झोतांचा वारा, जवळ येणारं वादळ आणि पाऊस असं बिघडत चाललेलं हवामान असताना, विमान जादा वजनाचं आणि डेन्सिटी अल्टिट्यूड सवयीपेक्षा जास्त असताना टेकऑफ करण्याचा पायलट-इन-कमांडचा अयोग्य निर्णय, आणि त्यातून वेग न राखल्यामुळे झालेला स्टॉल. साहाय्यक कारण: फार महत्त्वाकांक्षी वेळापत्रक पाळण्याची इच्छा, अंशतः प्रसारमाध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे.

ते शेवटचं वाक्य परत वाचा. विमान अपघाताच्या अधिकृत कारणांत मुलाखतींच्या वेळापत्रकाचा उल्लेख क्वचितच सापडेल.

मग दोष माध्यमांचा का?

त्यांचा वाटा होता आणि तो अहवालात लिहिलेला आहे. एका मोठ्या वृत्तवाहिनीने उड्डाणात चित्रण करण्यासाठी वडिलांना कॅमेरा आणि कोऱ्या टेप दिल्या होत्या. प्रत्येक थांब्यावर मुलाखती ठरल्या होत्या. ११ एप्रिलच्या सकाळीही मुलाखती झाल्या आणि निघायला ठरल्यापेक्षा उशीर झाला. तो उशीर आणि वादळाचं येणं यांची गाठ पडली.

पण कॅमेऱ्याने थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर वाढवणारी दांडी, पुढे ढकलली नाही. माध्यमांनी दबाव निर्माण केला, तो आपल्यावर येऊ द्यायचा की नाही हे पायलटच्या हातात होतं. रीड यांनी या सफरीकडे विमानचालनाच्या दृष्टीने काही विशेष नसलेली गोष्ट म्हणून पाहिलं होतं. खासगी उड्डाणात उड्डाणाची आखणी तपासणारा कंपनीचा डिस्पॅचर नसतो, ‘आज नको’ म्हणणारा वरिष्ठ नसतो. पैसे देणारा माणूस मागच्या सीटवर असतो आणि पुढच्या शहरात लोक वाट पाहत असतात. मला वाटतं, त्या सकाळी त्या विमानात नसलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ‘नाही’ म्हणायला मोकळा असलेला चौथा माणूस.

आणि आईवडील?

अपघातानंतर त्यांच्यावर तुटून पडलेले लोक खूप होते. मुलांना मुक्तपणे वाढवावं, त्यांची आवड अडवू नये, अशी त्या घराची धारणा होती, आणि मुलीला उडण्याची आवड खरी होती हे अनेकांनी पाहिलं होतं. वडिलांनी वेळापत्रक आखलं, प्रसिद्धी बोलावली. ते स्वतः त्याच विमानात होते. आईने एकाच वेळी मूल गमावलं आणि जगाची बोलणीही ऐकली. मुलीला शिकू देणं ही चूक होती असं मी म्हणणार नाही. आवडीला तारखा आणि विक्रम चिकटवले, तिथून गोष्ट बिघडली.

विक्रम झाला असता तर नोंद कुठे झाली असती?

अधिकृतपणे कुठेच नाही. सर्वांत लहान पायलटची नोंद घेणं गिनीज बुकाने आधीच बंद केलं होतं, कारण अशा नोंदींनी धोकादायक चढाओढ लागते. तरी चढाओढ चालूच होती. १९९३ मध्ये ११ वर्षांच्या विकी व्हॅन मीटरने प्रशिक्षकासोबत मेन राज्यातून सॅन डिएगोपर्यंत उड्डाण केलं आणि तिचं देशभर कौतुक झालं. तिच्यानंतर आणखी लहान मुलांचे प्रयत्न झाले. या शर्यतीत पुढे जायचं तर वय खालीच जात राहणार.

अपघातानंतर कायदा बदलला का?

हो, आणि लवकर. ऑक्टोबर १९९६ मध्येच अमेरिकी काँग्रेसने बाल वैमानिक सुरक्षा कायदा केला. विक्रम, स्पर्धा किंवा पराक्रमाच्या हेतूने उडत असताना, ज्याच्याकडे किमान खासगी पायलटचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नाही अशा व्यक्तीला नियंत्रणं हाताळू दिली, तर विमानाच्या पायलटचा परवाना रद्द होऊ शकतो.

या कायद्याने मुलांना विमान हाताळायला बंदी केलेली नाही. प्रशिक्षकाशेजारी बसून शिकणं आजही चालतं. हौशी वैमानिकांच्या संघटनेचा ‘यंग ईगल्स’ नावाचा उपक्रम १९९२ पासून ८ ते १७ वयाच्या मुलांना मोफत उड्डाण घडवतो, तोही सुरू आहे. कायद्याने काढून टाकला तो फक्त विक्रमाचा हव्यास. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं.

टेकऑफमध्ये वजनाने घात केल्याचं दुसरं ठळक उदाहरण?

२५ ऑगस्ट २००१, बहामातलं मार्श हार्बर. अमेरिकी गायिका आलिया आणि तिचे सहकारी चित्रीकरण आटोपून सेस्ना ४०२ने परत निघाले होते. विमान कमाल वजनापेक्षा शेकडो पाउंडांनी जड होतं आणि भार मागे सरकलेला होता. उडाल्याबरोबर ते पडलं, नऊच्या नऊ जण गेले. पायलटच्या शरीरात कोकेन आणि मद्याचे अंश सापडले. तिथे ना वादळ होतं ना उंची, रनवे समुद्राकाठी होता. तिथे एकटं वजनही पुरेसं ठरलं, कारण ते थोडंथोडकं नव्हतं आणि चुकीच्या जागी होतं. निघायची घाई मात्र दोन्हीकडे होती.

म्हणजे तरुणांनी विक्रमासाठी उडूच नये का?

असं कसं म्हणता येईल? १९३० मध्ये आगा खान यांनी इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. ते जिंकणारा अॅस्पी इंजिनिअर तेव्हा अवघा १७ वर्षांचा होता. तो इंग्लंडहून निघालेला, तर त्याचे प्रतिस्पर्धी जे. आर. डी. टाटा भारतातून. दोघांची इजिप्तमध्ये अबुकीरला गाठ पडली तेव्हा अॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्याला दिले. अॅस्पी शर्यत जिंकला, आणि पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुखही झाला.

तोही काळाशी शर्यत लावून उडत होता, आणि धोका शायॅनपेक्षा कमी नव्हता. पण अॅस्पी प्लग मिळेपर्यंत जमिनीवर थांबला होता. विमान त्याचं, निर्णय त्याचा, जीवही त्याचाच. जेसिकाच्या बाबतीत नाव तिचं लागणार होतं आणि निर्णय दुसऱ्यांचे होते.

भारतात कोणत्या वयाला शिकता येतं?

स्टुडंट पायलट परवान्यासाठी १६ वर्षं, खासगी पायलट परवान्यासाठी १७ आणि व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षं पूर्ण हवीत. परवाने डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं, वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात बारामती, शिरपूर, गोंदिया इथे उड्डाण प्रशिक्षण चालतं. अपघाताचा तपास एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास विभाग, हा वेगळा विभाग करतो.

मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षणाला घालणारे पालक फी, तास आणि नोकरी याबद्दल विचारतात. ते विचाराच. सोबत हेही विचारा: हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर विद्यार्थ्याचं नुकसान कसं भरून काढता? प्रशिक्षक दिवसाला किती तास उडतात? ‘आज मला बरं वाटत नाही’ असं विद्यार्थ्याने म्हटलं तर काय होतं? या प्रश्नांना संस्था कशी उत्तरं देते, त्यावरून तिथली हवा कळते.

छोट्या खासगी विमानात प्रवासी म्हणून बसायची वेळ आली तर?

तुमचं खरं वजन सांगा, कमी करून सांगू नका, बॅगांचंही सांगा. पायलटने सामान ठेवून यायला सांगितलं तर वाद घालू नका. पोचायची वेळ पक्की असेल असा कार्यक्रम त्याच दिवशी ठेवू नका. लग्नाचा मुहूर्त, सभा, मुलाखत यांतलं काहीही असलं तरी पायलटला त्याची आठवण वारंवार करून देऊ नका. निघण्यापूर्वी एकदा स्पष्ट सांगून ठेवा: थांबायचं असेल तर थांबू, आमची तक्रार नाही. आणि आकाशात काळं दिसत असेल तर ‘थोडा वेळ वाट पाहिली तर?’ असं विचारायला संकोच करू नका. गडगडाटी वादळाचा एखादा ढग विमानतळावरून सरकायला बहुतेकदा अर्धा-पाऊण तास लागतो.